वर्ष उलटले तरी ३.१२५

गोव्यात हार्ट फेल्युअरसाठी वेगळे युनिट हवे, असे म्हटले की लोक खाटा मोजू लागतात; मला आधी वेगळेच दिसते. गोव्यातल्या डिचोली बाजारात माझी फार्मसी आहे. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय दुबळे झालेले पेशंट डिस्चार्जचा कागद घेऊन येतात, त्यावर बहुतेकदा कार्वेडिलोल ही हृदयाची गोळी, ३.१२५ मिलीग्रॅम, असते. ही सुरुवातीची मात्रा. नाडी, रक्तदाब बघत साधारण दर दोन आठवड्यांनी ती दुप्पट करायची आणि सोसेल त्याला २५ पर्यंत न्यायची, दिवसातून दोनदा. पण वर्ष उलटले तरी माझ्यासमोर घडीवर फाटलेला तोच कागद येतो आणि तेच ३.१२५.

मात्रा वाढवणे माझ्या हातात नाही, नसावेही. मग कोणी वाढवायची? ओपीडीतल्या डॉक्टरांपुढे ही मोठी रांग. त्यात स्पायरोनोलॅक्टोन ही दुसरी गोळी चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, तेही बघायला हवे.

इंग्लंडमध्ये उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेने यासाठी वेगळी टीम सांगितली आहे. तज्ज्ञ डॉक्टरांसोबत त्यात हार्ट फेल्युअरची खास नर्स असते, औषधांतले जाणकार माणूसही असते. ते फार्मासिस्टही असू शकते, हे वाचून खोटे कशाला बोलू, हेवा वाटला. घरी गेलेल्या पेशंटला त्यांनी दोन आठवड्यांच्या आत तपासायचे. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत वारंवार तपासून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेलेल्यांपैकी १५.२ टक्के लोक १८० दिवसांत दगावले किंवा हार्ट फेल्युअरने परत भरती झाले. नेहमीच्या पद्धतीत हाच आकडा २३.३ होता. गोळ्या काही नव्या नव्हत्या.

अटॅकसाठी गोव्यात पुष्कळ झाले आहे. १०८ आहे, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडायची कॅथलॅब आहे, मोठ्या अटॅकसाठीच्या स्टेमी प्रकल्पामुळे गावातल्या केंद्रावरचा ईसीजी बांबोळीला पोचतो. त्यातून वाचलेल्या कित्येकांचे हृदय पुढे दुबळे होते. त्यांचे रोजचे कोण बघणार?

एका आजीला म्हटले, रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगातले पाणी. "वजन कित्याक गे?" (वजन कशाला?) म्हणाली. तिचा खरा प्रश्न वेगळाच होता: "पेजेवांगडा चेपणीची तोर चलता मगे?" (पेजेबरोबर खारवलेली कैरी चालते ना?) कागदावर 'लो सॉल्ट' लिहिले होते. मिठाच्या पाण्यात मुरलेल्या तोरीबद्दल त्यात काय असणार!

म्हणून युनिट म्हटले की लगेच खाटा मोजू नयेत. म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळात एकेक शिकलेली नर्स, वजनकाटा, मात्रा वाढवायचा लेखी अधिकार आणि एक फोन नंबर, एवढ्यावरही सुरुवात होईल. फक्त वॉर्डात माणूस कमी पडले की तिलाच तिकडे ओढू नका. आणि ती रजेवर गेली तर फोन कोण उचलणार, तेही आधीच ठरवा.