देवघेवीची फाईल विंडोजवरून उबुंटूवर आणताना

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आमच्या वाचनालयाच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालणार नव्हतं, म्हणून आम्ही त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकली. पुस्तकांच्या देवघेवीची एक्सेल फाईल लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच प्रोग्राममध्ये उघडली, तर सगळं जागच्या जागी. दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, उशिराचे दिवस, दंड, खाली बेरीज.

मग ग्रंथपालताईंनी एका ओळीतली परतीची तारीख दुरुस्त केली. एंटर दाबताच त्या ओळीत '#व्हॅल्यू!' ही गणित न जमल्याची खूण उमटली, पाठोपाठ दंडाच्या बेरजेतही. बाकीच्या ओळी ठणठणीत.

"फाईल करप्ट झाली का हो, सर?" ताईंनी घाबरून विचारलं. वार्षिक अहवालाचे आकडे याच फाईलमधून निघतात, त्यामुळे त्यांची काळजी रास्त होती.

सगळ्यात आधी फाईलची एक प्रत काढून बाजूला ठेवली आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवरच केले. हात लावलेलीच ओळ का बिघडावी, हा खरा प्रश्न होता. त्याचं कारण असं की कॅल्क एक्सेलची फाईल उघडताना एरवी सूत्रं पुन्हा चालवत नाही, एक्सेलनं शेवटी साठवलेली उत्तरंच दाखवतो. एखादा आकडा बदलला की तेवढ्यापुरतं गणित नव्यानं होतं. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबून सगळी सूत्रं एकदम चालवली. अर्धा कॉलम '#व्हॅल्यू!'नं भरून गेला. ताईंचा चेहरा उतरला, पण मला बरं वाटलं, कारण दडलेलं दुखणं आता पूर्ण समोर होतं.

नंतर कंट्रोल-एफ८. यानं आकडे निळे, सूत्रं हिरवी आणि मजकूर काळा दिसतो. आमच्या जुन्या नोंदींतल्या तारखा काळ्या होत्या! त्या कधीकाळी दुसऱ्या प्रोग्राममधून आणून चिकटवलेल्या, म्हणजे दिसायला तारखा, पण फाईलच्या लेखी नुसती अक्षरं. १३/०४/२०२३ला दिलेलं पुस्तक ०२/०५/२०२३ला परत आलं, तर १९ दिवस होतात. मुदतीचे पंधरा वजा केले की उशीर ४ दिवसांचा. एक्सेल अशा अक्षरांची तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे स्वतःच लावून घेतो आणि ४ दाखवतो. कॅल्क तसं धरून चालत नाही. ०२/०५ म्हणजे २ मे की ५ फेब्रुवारी, हे त्याला अक्षरांवरून ठरवता येत नाही, म्हणून तो चूक दाखवतो. कॅल्कचं हे वागणं मला पटतं. सभासदाकडून पैसे घ्यायचे तर तारीख अंदाजानं धरलेली नको. कॅल्कला एक्सेलसारखं वागायला लावणारं सेटिंग आहे, पण मी ते मुद्दाम बदललं नाही.

दुरुस्ती सोपी निघाली. तारखांचा कॉलम निवडायचा, 'डेटा'मधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडायचं, खालच्या नमुन्यात कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगायचा. बहुतेक तारखा निळ्या झाल्या. ज्या हटून बसल्या त्यांच्या शेवटी नॉन-ब्रेकिंग स्पेस होती, साध्या स्पेससारखीच दिसणारी. ती एका तारखेतून कॉपी केली, 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये चिकटवली आणि सगळीकडून काढून टाकली. कॅल्कच्या भाषेच्या सेटिंगमध्ये लोकेल, म्हणजे कुठल्या देशाची पद्धत धरायची ते, 'इंग्लिश (इंडिया)' केलं, म्हणजे पुढच्या तारखाही आपल्याच क्रमानं वाचल्या जातील.

दुसरी फाईल जोडणारा दुवा अजून विंडोजमधल्या 'सी' ड्राइव्हचा पत्ता शोधत होता, तो बदलला. लिनक्सवर फाईलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, तेवढं पाहावं लागलं.

सभासदांची नावं मात्र चिवट निघाली. जुनी नावं युनिकोड (सगळीकडे सारखं चालणारं अक्षरांचं कोडिंग) येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली होती आणि इथे तो फाँट नसल्यानं रोमन अक्षरांची खिचडी दिसत होती. फाँट टाकला असता तर नावं दिसली असती, पण युनिकोडमधल्या नव्या नावांशी जुळली नसती आणि नाव शोधून माहिती आणणाऱ्या व्हीलुकअप सूत्रात 'सापडलं नाही' सांगणारं '#एन/ए' तसंच राहिलं असतं. म्हणून कन्व्हर्टरनं सगळी नावं युनिकोडमध्ये आणली. रफार आणि पहिली वेलांटी काही ठिकाणी सरकली होती. ती नावं ताईंनी सभासद नोंदवहीशी ताडून एकेक करून नीट केली.

आता दोन्ही तारखांच्या कॉलमवर 'व्हॅलिडिटी' लावून फक्त तारीखच स्वीकारायला सांगितलंय. टाइप करताना तिथे दुसरं काही घातलं, तर कॅल्क ते घेत नाही.