पावलं तुमची, पण झाडाचे पैसे कोणाचे?

चालण्यानं झाड लागत नाही. रोपवाटिकेतलं रोप, खड्डा, मजुरी, पुढची दोन-तीन वर्षं खुरपणी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरणं, या सगळ्याला पैसे लागतात आणि ते कुणाच्या तरी खिशातून निघतात. त्यामुळे ‘चाला आणि झाडं लावा’ किंवा ‘खर्च करा आणि जंगल वाढवा’ म्हणणारं ॲप हातात घेतलं की आधी तो खिसा शोधायचा. ॲपचं रंगरूप, हिरवी नाणी, पडद्यावर वाढणारं गोंडस रोपटं हे सगळं नंतर.

खर्चावर चालणाऱ्या ॲपमध्ये हा खिसा तीन ठिकाणी सापडतो.

पहिला दुकानदाराचा. कार्डानं पैसे दिले की दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला थोडं शुल्क मिळतं. 2020 च्या सुमारास आलेलं ट्रीकार्ड हे लाकडी डेबिट कार्ड याच कमाईतून झाडं लावायच्या बोलीवर निघालं होतं. हे शुल्क किती तुटपुंजं असू शकतं ते युरोपीय संघात दिसतं. तिथं 2015 च्या नियमानुसार डेबिट कार्डावर ते जास्तीत जास्त 0.2 टक्के आणि क्रेडिट कार्डावर 0.3 टक्के घेता येतं. म्हणजे डेबिट कार्डानं 100 युरो खर्चले तर 20 सेंट. त्यातून कार्ड चालवण्याचा खर्च वजा होणार आणि उरलेल्यातला हिस्सा झाडाला जाणार. म्हणून ‘नफ्याच्या 80 टक्के’ आणि ‘उत्पन्नाच्या 80 टक्के’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नफाच झाला नाही तर शून्याचे 80 टक्के शून्यच.

दुसरा खिसा तुमचाच, म्हणजे राउंड-अप. 47.30 चं बिल 48 धरायचं आणि वरचे 0.70 झाडांसाठी बाजूला टाकायचे. महिन्याला 40 व्यवहार झाले आणि सरासरी अर्धं एकक सुटलं, तर 20 एककं जमतात. ही सरळ देणगी आहे आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ती ‘फुकटात लागलेली झाडं’ नव्हेत. अडचणी ठरलेल्या असतात. चिल्लर रोज कापली जात नाही. ठरावीक रक्कम साठली की एकदम वळती होते, आणि नेमकी त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर बँक दंड लावू शकते. वस्तू परत केली तरी बाजूला गेलेली चिल्लर बहुधा परत येत नाही. दुप्पट किंवा पाचपट कापण्याचा पर्याय आधीपासून चालू ठेवलेला नाही ना, तेही पाहायचं. पहिल्याच दिवशी महिन्याची कमाल मर्यादा टाकून ठेवा. मर्यादा घालायची सोयच नसेल तर असं ॲप खात्याला जोडू नये.

तिसरा प्रकार ऑनलाइन दुकानाकडून मिळणाऱ्या कमिशनचा. इथं क्रम चुकला की झाड गेलं. आधी टोपली रिकामी करायची, मग ॲपमधल्या दुव्यावरून दुकानात शिरायचं आणि त्याच बैठकीत पैसे भरायचे. मध्येच कूपन शोधणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी सोय) उघडलं तर कमिशन सहसा शेवटच्या दुव्याला जातं, म्हणजे त्या कूपनवाल्याला. जाहिराती अडवणारं साधन चालू असेल किंवा कुकीज नाकारल्या असतील, तर खरेदीची नोंद बहुधा होतच नाही. नोंद झाली तरी माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत ती ‘प्रलंबित’ राहते. काही आठवडे झाड दिसलं नाही म्हणून लगेच तक्रार करण्यात अर्थ नाही.

2009 पासून चालणारं इकोशिया हे शोधयंत्र याच घराण्यातलं, पण त्याचा हिशेब जास्त मोकळा आहे. पैसा शोधातून येत नाही, शोधाशेजारच्या जाहिरातीवर क्लिक झाल्यावर येतो. सुमारे 45 शोधांमागे एक झाड हा त्यांचा आकडा सरासरी आहे. कधीच जाहिरातीवर क्लिक न करणाऱ्याच्या शोधांतून कमाई जवळपास नसते. त्यांचे आर्थिक अहवाल मात्र महिन्याच्या महिन्याला खुले असतात, आणि बाकी ॲपना हीच मोजपट्टी लावावी.

आता चालणं. पावलांतून एक छदामही तयार होत नाही. पैसे देतो तो प्रायोजक, जाहिरातदार किंवा सशुल्क सदस्य. यातलं कुणीच दिसत नसेल तर तुमची ठिकाणाची माहिती विकली जात नाही ना, हे गोपनीयतेच्या अटींत वाचायचं. पावलं मोजायला जीपीएसची गरज नसते, फोनमधला हालचाल टिपणारा सेन्सर पुरतो. तेव्हा ॲप सतत ठिकाण मागत असेल तर नकार द्यायचा.

सर्वांत मोठं उदाहरण अलीपे या चीनमधल्या पैसे भरण्याच्या ॲपचं ॲन्ट फॉरेस्ट, 2016 मध्ये सुरू झालेलं. चालणं, बिल ऑनलाइन भरणं अशा गोष्टींना ग्रॅममध्ये ‘हिरवी ऊर्जा’ मिळते. वाळवंटात तगणाऱ्या सॅक्सॉल या झुडपासाठी 17,900 ग्रॅम लागायचे आणि चालण्याची रोजची कमाल मर्यादा 296 ग्रॅम होती. म्हणजे निव्वळ चालून एका झुडपाला साधारण 61 दिवस, तेही रोज मर्यादा गाठली तर. ऊर्जा दुसऱ्या दिवशी गोळा करावी लागते. उशीर केला तर मित्र त्यातली थोडी चोरून नेतात, आणि लोकांना रोज ॲपकडे ओढून आणणारी युक्ती हीच आहे. फॉरेस्ट या फोन बाजूला ठेवून एकाग्र राहण्याबद्दल नाणी देणाऱ्या ॲपमध्ये 2,500 नाण्यांना एक खरं झाड मिळायचं आणि एका माणसाला 5 झाडांची मर्यादा होती. मर्यादा असणं ही मला चांगली खूण वाटते, कारण तिचा अर्थ मागे खरं बिल भरणारं कुणीतरी आहे.

पावलं कमी दिसण्याची कारणं बहुतेक वेळा फोनमध्येच असतात. अँड्रॉइड 10 पासून ‘शारीरिक हालचाल’ ही परवानगी वेगळी द्यावी लागते. दिली तरी बॅटरी वाचवण्याची सोय ॲपला पाठीमागे झोपवते, म्हणून त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढायचं. हेल्थ कनेक्ट (अँड्रॉइडवर आरोग्याच्या नोंदी ॲपना वाटून देणारी सोय) जोडलं असेल तर ॲपला साधारणपणे परवानगीच्या आधीच्या 30 दिवसांपर्यंतचीच नोंद मिळते, त्यापूर्वीची पावलं मागून उपयोग नाही. फोन आणि घड्याळ दोन्ही मोजत असतील तर एकालाच प्राधान्य द्या, नाहीतर दुहेरी मोजणी होऊन ॲप सगळा दिवसच बाद करू शकतं. ढकलगाडी ढकलताना मनगट हलत नाही, मग घड्याळ कमी मोजतं. अशा वेळी फोन खिशात ठेवावा. हातानं भरलेली पावलं बहुतेक ॲप धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मध्यरात्रीआधी एकदा ॲप उघडून त्या दिवसाची पावलं ॲपमध्ये आल्याची खात्री केली की दिवस वाया जात नाही.

एवढं करून ॲपमधला आकडा एकानं वाढला, तर तो आकडा नेमका कशाचा? ‘निधी दिलेलं झाड’, ‘लावलेलं झाड’ आणि ‘जगलेलं झाड’ ही तीन वेगळी झाडं आहेत. ॲप सहसा पहिलं दाखवतं, कारण ते लगेच दाखवता येतं. प्रत्यक्ष लागवड हंगाम आल्यावर होते. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या 176 पुनर्वनीकरणाच्या जागांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी 18 टक्के रोपं पहिल्या वर्षात आणि 44 टक्के पाच वर्षांत मेली होती. तुर्कस्ताननं 11 नोव्हेंबर 2019 ला एका दिवसात 1 कोटी 10 लाख रोपं लावली. चुकीच्या वेळी लागवड आणि पाण्याचा अभाव यांमुळे 90 टक्क्यांपर्यंत रोपं मेली, असं तिथल्या वनकामगारांच्या संघटनेनं काही महिन्यांत सांगितलं. सरकारनं ते फेटाळलं. वाद बाजूला ठेवला तरी रोपांच्या संख्येवरून जंगल ठरत नाही, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून ॲपच्या आकड्याखाली ज्या संस्थेचं नाव आहे तिच्या पानावर जाऊन चार गोष्टी बघाव्यात. जागेचे अक्षांश-रेखांश, प्रजातींची नावं, कोणत्या महिन्यात लागवड, आणि पाच वर्षांनंतरची गणना कोण करणार. ‘स्थानिक झाडं’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. अगदी स्वस्त झाड दिसलं तर ते खारफुटीचं आहे का पाहा. तिची लांबट कोंबं थेट चिखलात खोचता येतात म्हणून खर्च कमी, पण भरतीची पातळी चुकली की सगळी वाहून किंवा कुजून जातात. फिलिपाईन्समध्ये नेमकं असंच घडलं आहे.

दरासाठी तुलना सोपी आहे. वन ट्री प्लान्टेड ही संस्था अनेक वर्षं एका डॉलरला एक झाड या दरानं देणगी घेत आली आहे. तुमचं ॲप वर्षभरात तुमच्या नावावर तीन झाडं दाखवत असेल, तर तेवढ्यासाठी तीन डॉलर थेट देता आले असते. झाडासाठी जास्त खर्च करणं तर निव्वळ तोट्याचं, कारण न घेतलेल्या वस्तूचं प्रदूषण कुठल्याच रोपाला भरून काढावं लागत नाही. आधीच होणाऱ्या खर्चावर आणि आधीच होणाऱ्या चालण्यावर ॲप लावलं तर ठीक.

ॲप नको झालं तर नुसतं पुसू नका. आधी साठलेली नाणी झाडात बदला, मग राउंड-अपची बँकेतली परवानगी बँकेच्याच ॲपमधून रद्द करा, सदस्यत्व असेल तर ते ॲप स्टोअरमधून बंद करा, हेल्थ कनेक्टमधला प्रवेश काढा आणि खातं हटवण्याची विनंती पाठवा. हा क्रम पाळला नाही तर चिन्ह पडद्यावरून गेलं तरी चिल्लर कापली जातच राहते.