चॅप्लिन, कीटन सोडून हाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर वेळी प्रश्न तोच: मूकपटांतला विनोद बघायचा तर चॅप्लिन आहे, बस्टर कीटन आहे, मग रेमंड ग्रिफिथ नावाच्या कुणाचा तरी ‘हँड्स अप!’ तुम्ही कुठून उकरून काढलात? उकरून काढलेला नाही हो. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवण्याजोग्या सिनेमांच्या यादीत, 2005 साली त्याची निवड झाली आहे. पूर्वी मी एवढं सांगून थांबायचो. पण प्रमाणपत्र बघून कुणाला हसू येत नाही.

1926 चा सिनेमा. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे. ग्रिफिथ दक्षिणेचा हेर, उत्तरेला मिळणारं खाणीतलं सोनं अडवायला निघालेला. पकडला जातो, गोळ्या घालायला उभा केला जातो. बंदुका रोखलेल्या असताना हा पठ्ठ्या बशी हवेत भिरकावतो. शिपायांचा नेम आपसूक बशीमागे जातो. फुटली! मग आणखी एक. ज्याला मारायचं तो राहतो बाजूला आणि नेमबाजी रंगते. ग्रिफिथच्या चेहऱ्यावर ना भीती, ना मर्दुमकी; पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या यजमानाची अदब तेवढी. चॅप्लिन आपल्याकडे माया मागतो. हा काही म्हणजे काही मागत नाही. मला तो आवडतो तो यासाठी, आणि लोक त्याला विसरले तेही बहुधा यासाठीच.

‘बहुधा’ म्हणालो, कारण दुसरं कारण जास्त रोखठोक आहे. त्याचा घसा कायमचा बसलेला होता, कुजबुजण्यापलीकडे आवाज फुटत नसे. बोलपट आले आणि त्याचा अभिनय संपला. 1930 च्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये खड्ड्यात मरून पडणारा फ्रेंच सैनिक तोच. पुढे तो निर्माता झाला.

आता एका संध्याकाळचं. सिनेमावेड्या मित्रमंडळींनी निवड माझ्यावर सोडली होती. मी हाच लावला. पहिल्या वीस मिनिटांत दोघांनी फोन काढले. एकाने पाठ थोपटल्यासारखं म्हटलं, “त्या काळाच्या मानाने बराय.” मला ते शिवीपेक्षा लागलं. मी बशांच्या प्रसंगाची वाट बघत बसलो. तो आला, तीन-चार जण खळखळून हसले, मी सुखावलो. तेवढ्यात एका मैत्रिणीने विचारलं, “हा गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्यांचा हेर ना? आणि आपण तो सुटावा म्हणून जीव मुठीत धरून बसलोय?”

मी म्हणालो, इथे कुठलीच बाजू कुणी मनावर घेत नाही. युद्ध संपतं तेव्हा याला पेच पडतो तो दोन बहिणींतली कोण निवडायची एवढाच. तेवढ्यात बऱ्याच बायकांचा नवरा, मॉर्मन पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग येतो आणि पेच सुटतो: दोघीही चालतील! 1926 च्या प्रेक्षकाला हे चाललं.

“मी 1926 ची नाही,” ती म्हणाली.

त्यावर मी कीटनचं नाव पुढे केलं. त्याच वर्षीच्या ‘द जनरल’चा नायकही दक्षिणेचाच, त्याला कुणी असं विचारत नाही! उत्तर म्हणून हे पोकळ होतं, पण तक्रार म्हणून मी ती अजूनही मागे घेत नाही. तिने मात्र उलट आणखी एक बोट ठेवलं: हा मूळ रहिवाशांना चार्ल्सटन नाचायला शिकवतो, त्यांचा प्रमुख सिटिंग बुल झालाय नोबल जॉन्सन हा कृष्णवर्णीय नट, आणि हसायचं कुणाला? चार्ल्सटन त्या युद्धानंतर साठ वर्षांनी आलेला नाच, त्याला तिथे घुसवण्यातला खट्याळपणा मला अजून भावतो. नाचणाऱ्यांकडे बघितलं की हसू अर्ध्यावर अडतं. दोन्ही होतं, एकाच दृश्यात.

ती पुन्हा बघायला तयार नाही. मी बघतो. तास-सव्वा तासाचा तर आहे. तुम्हीही आधी बघा, मग भांडायला या, नुसतं “हाच का?” विचारू नका.