आमची वाटचाल : ढग आल्यावरचा आवाज

२०१४ च्या मार्चमधली दुपार होती. लातुरातल्या आमच्या डाळमिलच्या आवारात दोनशे पोती तूर वाळत घातलेली. त्या महिन्यात मराठवाड्यात गारपिटीने थैमान घातलं होतं, गावोगाव ज्वारी-हरभरा झोपला होता. औशाच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि मी ओट्यावर उभी राहून ओरडले, "सगळं सोडा, आधी ताडपत्र्या!" हमाल, निवडणाऱ्या बायका, ऑफिसातला हिशेबनीस, सगळे धावले. कोणी विचारलं नाही, कोणी थांबलं नाही. वीस मिनिटांत तूर ढिगाला लागली, वरून ताडपत्री आली, आणि मग पाऊस आला. एक पोतंही भिजलं नाही.

ज्यांना डाळमिल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुरीचं टरफल हरभऱ्यासारखं सहज सुटत नाही, कारण टरफल आणि दाणा यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. म्हणून तूर आधी रोलवर, म्हणजे फिरत्या खरखरीत दगडावर, खरडायची, तेल चोळायचं, ढीग लावून रात्रभर मुरू द्यायची, मग तीन-चार दिवस उन्हात वाळवायची. तेल प्यालेल्या, अर्धवट वाळलेल्या तुरीवर पाऊस पडला तर तो माल गेला म्हणून समजा. त्या वीस मिनिटांत चर्चेला जागाच नसते. हुकूमच द्यावा लागतो, आणि तो एकाच माणसाने द्यावा लागतो.

त्या दिवसाने माल वाचवला, पण मला चुकीचा धडा दिला. मिल माझ्याकडे येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. १९९१ साली रेणापूरहून येऊन लातूर एमआयडीसीत वडिलांनी एका रोलवर मिल सुरू केली. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा गेल्यावर बाईमाणूस मिल कशी चालवणार, हे आडतीत लोक माझ्यासमोरही बोलत. त्या दुपारी माझा आवाज चालला आणि मला वाटलं, मिल चालवायची ती अशीच. मग ढग नसतानाही मी तोच आवाज वापरू लागले. चहाला उशीर झाला तरी तोच, पोत्याची शिलाई वाकडी झाली तरी तोच.

त्याची किंमत २०१५ मध्ये कळली. त्या वर्षी तुरीच्या डाळीने किरकोळीत किलोला दोनशे रुपयांपर्यंत मजल मारली होती, एकेक दाणा सोन्याचा. आणि नेमका तेव्हाच आमचा खंडा, म्हणजे तुटलेली डाळ, वाढला. दिवसाला साठ क्विंटल तूर रोलला लागायची, त्यात रोज तीन क्विंटल जादा खंडा पडत होता. मला पत्ता लागला तो तामिळनाडूकडच्या व्यापाऱ्याने माल परत करतो म्हटल्यावर. मिस्त्रीकाकांनी रोल उघडला, तर एमरीचा दगड एका बाजूने झिजलेला. शेजारी त्यांचा मदतनीस उभा होता, जेमतेम विशीतला. तो हळूच म्हणाला, "आठ दिवसांपासून रोल आवाज करायलाय, ताई."

"मग सांगितलं कामून नाहीस?"

"तुमी रागवताल म्हणून."

आठ दिवसांचा जादा खंडा चोवीस क्विंटल होता. पण रात्री झोप आली नाही ती त्या आकड्यामुळे नाही. अण्णांच्या काळात हाच पोरगा असता तर पहिल्याच दिवशी पळत येऊन सांगितलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अण्णांची रीत वेगळी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमचे कितीतरी हमाल औसा-लोहारा भागातले. अण्णांनी मिल बंद ठेवली, टेम्पोत डाळ-तांदूळ भरला आणि ज्याचं त्याचं गाव शोधत फिरले. ना कामाचं बोलले, ना खाड्याचं. परत आलेल्या माणसांपाशी ते नुसते बसून राहायचे. माणूस मोडलेला असतो तेव्हा ना हुकूम उपयोगी पडतो, ना सल्ला, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

मला मात्र शिकावं लागलं. लातुरातच उद्योजकांच्या एका प्रशिक्षणात कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतला प्रयोग ऐकला. तो १९३९ साली प्रसिद्ध झालेला आहे. दहा वर्षांच्या मुलांचे छंदवर्गासारखे गट केले. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख दिला, काहींना सगळ्यांशी बोलून ठरवणारा, तर काहींना मोकळं सोडणारा. मोकळ्या गटाचं काम सगळ्यात कमी झालं. हुकुमाच्या गटाचं काम भरपूर व्हायचं, पण प्रमुख खोलीबाहेर गेला की ते थंडावायचं. बोलून ठरवणाऱ्या गटाचं तेव्हाही चालू राहायचं. ते ऐकताना मला माझी मिल दिसत होती. मी बाजार समितीत सौद्याला गेले की मागे रोलजवळ काय होत असेल, ते दिसत होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात परीक्षा आली. एप्रिल २०१६, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते वर्ष. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. सकाळी आठला बायका कामावर येत नव्हत्या. जुनी मी असते तर खाडे मांडले असते. त्याऐवजी सगळ्यांना आवारात बसवलं आणि विचारलं, काय करायचं? सुरुवातीला कोणीच बोलेना. दोन वर्षांच्या ओरडण्यानंतर कोण बोलणार? शेवटी एक मावशी म्हणाल्या, "टँकर सकाळी येतो, ताई. आमी रांगेत उबं राहावं का निवडायला यावं?" मग एकेक सुचू लागलं. पाळी दहाला सुरू करायची. तूर कमी घ्यायची, हरभरा जास्त, कारण त्याला तुरीइतके सोपस्कार लागत नाहीत. मिलच्या टाकीतलं पाणी आधी पिण्याला, उरलं तर कामाला. तो उन्हाळा आम्ही मिल बंद न ठेवता काढला. मी घातलेला नियम त्यांनी कधी इतका पाळला नव्हता, स्वतः ठरवलेली दहाची वेळ मात्र कोणी चुकवली नाही.

म्हणून सगळंच विचारून करायचं, असंही नाही. चालत्या पट्ट्याजवळ पदर खोचूनच जायचं, मेन स्विच बंद केल्याशिवाय रोलला हात लावायचा नाही, यावर आमच्याकडे बैठक होत नाही. तिथे माझा आवाज आजही चढतो आणि चढलाच पाहिजे.

सोपवण्यातही मी एकदा चुकले. २०१९ मध्ये कलर सॉर्टर घेतला. त्यात कॅमेरा दाणा पाहतो आणि डागी दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवतो. डिप्लोमा झालेला निलंग्याचा एक पोरगा नेमला आणि म्हटलं, हे मशीन तुझं, तूच बघ. मला वाटत होतं, मी मोठा विश्वास टाकतेय. त्याला मशीन कळत होतं, डाळ कळत नव्हती. त्याने सेटिंग इतकं कडक ठेवलं की डागीबरोबर चांगली डाळही उडू लागली. विचारायची त्याला लाज वाटे, आणि मी जवळ नव्हते. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ पासून मांडलेला विचार मला तेव्हा उमगला. पद्धत साहेबाच्या स्वभावावर ठरत नाही. समोरच्याची त्या एका कामापुरती किती तयारी आहे, त्यावर ठरते. आधी सांगायचं, मग शिकवायचं, मग सोबत घ्यायचं, आणि त्यानंतर सोपवायचं. मी तीन पायऱ्या गाळल्या होत्या. पंधरा दिवस त्याच्याशेजारी स्टुलावर बसले, उडालेली डाळ दोघांनी परातीत घेऊन निवडली. आज त्या मशीनबद्दल मी त्याला एक शब्द विचारत नाही.

त्याच मशीनमुळे चौदा बायकांचं निवडण्याचं काम कमी झालं, हेही इथे लिहिलं पाहिजे. नऊ जणी पॅकिंगला गेल्या. पाच जणींनी काम सोडलं. मशीन घ्यायचं हे मी एकटीने ठरवलं होतं, त्यांना नंतर कळवलं. तो निर्णय माझाच होता, पण कळवायला उशीर केला, आणि त्याची टोचणी अजून आहे.

या हंगामानंतर आमचे मुकादम मामा थांबणार आहेत. अण्णांच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस. वाळवणातली तूर ते दाताखाली धरतात. कट् असा आवाज आला तर माल रोलला लावायचा, दाणा चेपला तर अजून एक ऊन द्यायचं. त्यांची जागा कोणी घ्यायची हे मी हमालांनाच विचारलं, त्यांनी त्या रोलवरच्या पोराचं नाव घेतलं. आता रोज दुपारी दोघं आवारात उकिडवे बसतात. पोरगा ओल मोजायला मॉइश्चर मीटर लावतो, मामा दाणा चावतात, आणि दोन्ही गोष्टी एका वहीत लिहिल्या जातात. काल वहीत पोराच्या अक्षरात होतं: मीटर साडेनऊ, मामा म्हणतात अजून एक ऊन. मी ती वही वाचते आणि तशीच जागेवर ठेवते.