सहा की दहा

पंचवटीत पूर मोजायची आमची पट्टी म्हणजे गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. 'कमरेला लागलं', 'गळ्याशी आलं' एवढं कानावर पडलं की पलीकडे सराफ बाजारातली माणसं माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. ४ ऑगस्ट २०१९ च्या रविवारी दुतोंड्या पाण्याखाली गेला. आमचं मेडिकल बंद होतं आणि मी गच्चीत प्लॅस्टिकच्या कागदाखाली रेडिओ घेऊन बसले होते.

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचं, लायसन्स काढून मला तेव्हा आठ वर्षं झाली होती. माझा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, व्हीयू थ्रीने सुरू होतो, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेड, ५० वॅटपर्यंतची परवानगी. परीक्षेच्या तयारीत भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांबद्दल खूप ऐकलं होतं. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्याच मोहिमेसाठी आधीपासून पोर्ट ब्लेअरमध्ये होते. फोन बंद पडल्यावर त्यांनी दिवसेंदिवस निरोप पोचवले, त्यातले कितीतरी निरोप फक्त 'अमुक माणूस सुखरूप आहे' एवढेच होते. एका बाईनं हे उभं केलं, हे वाचून मी फॉर्म भरला होता. पण आपली वेळ येईल तेव्हा नेमकं काय करायचं असतं, ते मला त्या रविवारी समजलं, आणि चुकून समजलं.

गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी नाशिक ओलांडून खाली निफाडकडे जातं. सायखेडा, चांदोरी ही गावं दर मोठ्या पुरात त्याच्या वाटेत येतात. सायखेड्याजवळच्या एका वस्तीवर आमच्या ग्रुपमधला एक मुलगा हातात ५ वॅटचा सेट घेऊन उभा होता. तिथून मोबाइल लागत नव्हता आणि त्याचा सेट थेट माझ्यापर्यंत पोचत नव्हता, कारण जवळच्या बोलण्यासाठी आम्ही वापरतो त्या टू मीटर बँडची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. म्हणून ओझरला एक दादा उंच गच्चीवर बसले होते. मुलगा त्यांना सांगायचा, ते मला सांगायचे, आणि मी होडीची व्यवस्था बघणाऱ्यांना फोनवर कळवायची. माझा फोन अधूनमधून का होईना, लागत होता. एरवी तिसऱ्या माणसाचे असे निरोप हॅमवरून द्यायचे नसतात, आपत्तीत मात्र देता येतात.

दुपारी निरोप आला: घराच्या स्लॅबवर सहा माणसं, त्यात एक बाळंतीण. मी वहीत लिहिलं, दहा.

पाऊस कागदावर ताडताड वाजत होता, हे खरं. तरी चूक पावसाची नाही. निरोप लिहून झाला की तो शब्दन्‌शब्द परत वाचून दाखवायचा आणि समोरचा 'करेक्ट' म्हणेपर्यंत तो मिळाला असं धरायचं नाही, हा आमचा पहिला धडा. बाळंतीण हा शब्द ऐकला आणि मी घाईनं 'रॉजर', म्हणजे 'मिळालं', म्हणून फोन उचलला. वाचून दाखवायला दहा सेकंद लागली असती.

होडीवाल्यांनी सहाही जणांना आणलं. मग त्यांच्या यादीत चार कमी पडले. ते चार जण शोधायला होडी पुन्हा ओढीच्या पाण्यात गेली, आणि ते चार जण कुठेच नव्हते. होडी नीट परत आली. ही फेरी उगाच झाली हे मला संध्याकाळी कळलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तिघं होते होडीत.

पुढच्या बैठकीत मी वही सगळ्यांसमोर ठेवली. कोणी रागावलं नाही. ओझरचे दादा म्हणाले, "ताई, मीही तुम्हाला थांबवायला हवं होतं. परत वाचा म्हणायचं राहून गेलं."

मग आम्ही मराठी आकड्यांवरच बसलो. इंग्रजीत बोलताना नाइनला 'नाइनर' म्हणतात, कारण खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच वाटतात. एरवी बँडवर आम्ही आकडे इंग्रजीतच बोलतो. पण पुरात निरोप देणारी माणसं मराठीत बोलतात, आणि घाईत आपणही तेच पुढे ढकलतो. सहा आणि दहा, सात आणि साठ, पंचावन्न आणि पंच्याण्णव. खरखरीत पहिलं अक्षर खाल्लं गेलं की सहा आणि दहा यांत काय उरतं? आता आम्ही प्रत्येक अंक सुटा बोलतो. दहा म्हणजे 'एक शून्य', पंचावन्न म्हणजे 'पाच पाच'. आणि पाण्याची पातळी सांगताना दुतोंड्याचं नाव घ्यायचं नाही, कारण पुण्यात ऐकणाऱ्या हॅमला मारुतीची कंबर किती फुटांवर आहे ते माहीत नसतं.

मला याचं जास्त वाईट वाटलं, कारण काउंटरवर मी ही शिस्त रोज पाळते. ४० युनिटच्या इन्सुलिनच्या बाटलीबरोबर सिरिंजही ४० चीच द्यायची. तिथे १०० ची गेली तर डोस अडीच पटीनं चुकतो. म्हणून मी बाटलीवरचा आकडा गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवते आणि त्याच्याकडूनही वाचून घेते. मग गच्चीत बसल्यावर मी हे का विसरले?

आता २०२७ चा कुंभमेळा आहे. २००३ च्या कुंभात रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, ते पंचवटीत राहणारं कोणी विसरलेलं नाही. लाखो माणसं आणि लाखो मोबाइल एका काठावर आले की फोन लागेलच याचा भरवसा धरता येत नाही. आमची तयारी साधी आहे: १२ व्होल्टच्या बॅटऱ्या महिन्याला चार्ज करणं, आणि लांबच्या बोलण्याच्या ४० मीटर बँडसाठी अँटेनाची तार दोन्हीकडे दहा-दहा मीटर ताणून ठेवणं, कारण टू मीटर कसारा घाट ओलांडत नाही. आणि दर रविवारी सकाळी सराव.

सरावाला आमच्या गल्लीतली एक आठवीतली मुलगी येते. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते, ती तयारी करतेय. लायसन्स नाही, त्यामुळे माइक हातात घ्यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती हेडफोन लावते आणि येणारे निरोप लिहिते. गेल्या रविवारी अहिल्याबाई होळकर पुलावरून आलेला निरोप तिनं अर्धा लिहिला, पेन थांबवलं आणि माझी ओढणी ओढली.

"काकू, एक शून्य म्हणाले की नुसतं शून्य? विचारा ना परत."

मी माइक उचलला आणि विचारलं.