139.7 ने दिलेला चकवा: पिकअपच्या सहा भोकांचं काय झालं

मागच्या महिन्यात मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आजोबांच्या जुन्या जीप-घराण्यातल्या पिकअपला सहा भोकांचे अलॉय (मिश्रधातूचे रिम) बसवणार. तर मंडळी, नाही बसवले. का नाही, ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

नाशिकच्या अंबड लिंक रोडला फॉर्च्युनरवरून उतरवलेले चार अलॉय बऱ्या भावात मिळाले. 17 इंची, ईटी 30 (म्हणजे हबला टेकणारं तोंड चाकाच्या मध्यरेषेपासून 30 मिलिमीटर बाहेरच्या अंगाला). त्यांचा पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, 139.7 मिलिमीटर. माझ्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मोजला: त्याला चाक अडकवायचे स्टड पाच आहेत आणि पाच असले की समोरासमोर मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं आणि 1.701 ने गुणायचं. व्हर्निअर 82.1 दाखवत होता. म्हणजे 139.7, साडेपाच इंच. आकडा जुळला आणि मी त्याच संध्याकाळी पैसे देऊन मोकळा झालो.

चूक तिथेच झाली. वर्तुळ एकच असलं तरी त्यावर पाच भोकं 72 अंशांवर येतात, सहा भोकं 60 वर. एक भोक सामाईक धरलं तर बाकीच्यांत सगळ्यात जवळच्या जोड्या 12 अंशांवर पडतात. या वर्तुळावर 12 अंश म्हणजे जेमतेम 14.6 मिलिमीटर. भोकं 13 मिलिमीटरची धरली तर मधे उरणारा धातू दीड मिलिमीटरच्या आसपास! चाकं जरा फिरवून पाहू म्हटलं, तर कुठली ना कुठली जोडी आणखीच जवळ येते. अख्खा रविवार कागदावर वर्तुळं काढण्यात गेला. बायकोला वाटलं, मुलाचा भूमितीचा अभ्यास घेतोय.

म्हणजे हबमध्ये नवी भोकं पाडणं बाद. मग अडॅप्टर, म्हणजे हबला नटांनी आवळायची आणि चाकासाठी वेगळे स्टड असलेली मधली प्लेट? अंबड एमआयडीसीतला ओळखीचा टर्नर कागद बघून हसला. "भाऊ, नट आत बसवायला 28-30 मिलिमीटरचा खड्डा लागतो. त्याच जागेवर तुमचा नवा स्टड येतोय. लोखंड कुठून आणू?" वेगळ्या वर्तुळावर जायचं असतं, म्हणजे पाचाच्या 139.7 वरून पाचाच्याच 114.3 वर, तर भोकं 36 अंश फिरवून मधे 41 मिलिमीटर मिळतात आणि काम आरामात होतं. पण त्या रिमचं मधलं भोक लहान असतं आणि माझ्या पुढच्या हबचं नाक, म्हणजे त्या भोकातून बाहेर येणारा मधला भाग, लांब. तेही राहिलं.

टर्नरने मग दोन प्लेटींचा तोडगा सुचवला: पहिली हबला, दुसरी पहिलीला. जाडी मिळून 45 मिलिमीटर. 180 व्यासाची, मधे 108 चं भोक असलेली, लोखंडात केली तर दर चाकाला पावणेसहा किलो. शिवाय ईटी 30 वजा करूनही चाकाची मध्यरेषा हबच्या तोंडापासून 15 मिलिमीटर बाहेर. बेअरिंगवरचा भार आणि स्टिअरिंगची ओढ डोळ्यांसमोर आली, वर कसारा घाटातली वळणं आठवली. नको म्हटलं.

अलॉय इसुझू व्ही-क्रॉस पिकअपवाल्या मित्राला दिले, त्याच्याकडे सहा भोकं 139.7 वरच आहेत. मी जिप्सीचे जुने रिम आणले, पाच भोकं, 139.7, सेंटर बोअर (मधलं भोक) 108. जीपवाल्यांना हे नवीन नाही. मलाच सरळ रस्ता सोडून आडवाटेने जायची हौस. हबवर घातला आणि नाकावर अलगद बसला. नट आणि स्टड जुनेच, अर्ध्या इंचाचे.

उजवी दोन्ही चाकं लागली. डाव्या पुढच्याला मात्र घोळ झाला. जुन्या जीपच्या पद्धतीने डाव्या बाजूला उलटे आटे आहेत, हे टायरवाल्याच्या पोऱ्याला सांगायचं मी विसरलो. त्याने सोडवायला म्हणून पान्यात पाइप घातला, त्यावर उभा राहिला आणि नट आणखी आवळत गेला. स्टड कट्कन तुटला. आता उलट्या आट्याचा एक स्टड शोधतोय, इथल्या द्वारका भागातल्या दोन दुकानांत नाही म्हणाले. तोवर गाडी डाव्या अंगाला लाकडी ठोकळ्यावर उभी आहे.