मॉरिस मायनर विकाऊ आहे? आधी खाली वाका

नाशिकमध्ये 'पूर्ण रिस्टोअर केलेली' मॉरिस मायनर विकायला आली की सगळे रंग आणि क्रोम बघत बसतात. खर्च मात्र गाडीखाली दडलेला असतो. १९४८ साली आलेल्या, ॲलेक इसिगोनिसने डिझाइन केलेल्या या ब्रिटिश गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी. त्यामुळे गंजाचं दुखणं थेट हाडात जातं.

टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन जा. सिल (दारांखालचे पत्रे), मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर आणि गिअरबॉक्सजवळचा क्रॉसमेंबर (आडवा बीम) नीट तपासा. टॉर्शन बारची (पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या सळ्यांची) मागची टोकं याच क्रॉसमेंबरवर बसतात, तिथे लोहचुंबक चिकटलं नाही, म्हणजे नुसती पुट्टी असेल तर भाव करायचीही गरज नाही. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा जोडलेला असला, तर मधे पाणी अडकतं आणि गंज आतून चालूच राहतो.

मग पुढची चाकं. खालच्या ट्रनियनला (चाकाचा खांब ज्या आट्यांच्या सांध्यात फिरतो, त्याला) ग्रीस मिळालं नाही की त्याचे आटे झिजतात. ते सुटले तर चालत्या गाडीचं चाक कोलमडतं. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली जॅक लावा, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर खांब आणि ट्रनियन, ही जोडी बदलायचीच. ग्रीसचं निपल रंगाने बुजलेलं दिसलं, तर रंगकाम झाल्यापासून तिथे ग्रीस गन लागलेलीच नाही.

मायनर १००० या नंतरच्या मॉडेलला १९५६ पासून ९४८ सीसीचं आणि १९६२ पासून १०९८ सीसीचं इंजिन आहे. दोन्ही दणकट. फक्त एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवल्यात का, ते विचारा. जुन्या सीटांना झिजण्यापासून पेट्रोलमधलं शिसं वाचवायचं, पण शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, तडकतात. तेही बदललेले हवेत.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या आत आहे. कार्पेट उचलावं लागतं, म्हणून ऑइल कुणी बघत नाही. तुम्ही बघा. मूळ वायरिंगमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असतो; नव्या रेडिओला मायनस बॉडीला लागतो, म्हणून तो जोडण्याआधी ते बदललंय का, याची खात्री करा.

कागदांत चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. ५० वर्षांवरच्या गाडीची नव्याने विंटेज नोंदणी करायला २०२१ च्या नियमानुसार २०,००० रुपये फी आहे आणि ती १० वर्षं चालते. पण अशी नोंदणी झालेली गाडी रोज कॉलेज रोडवर फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. रोज चालवायची असेल, तर जुनी आरसी वैध असलेलीच गाडी शोधा.